निवडणी

छातीचं हाड उघडलं
तरी काळीज लगेच दिसत नाही, कुट्टी मॅडम म्हणाल्या.
लहान लेकरांत त्याच्यावर एक गादी असते,
गुलाबी, दोन पाकळ्यांची.
ती बाजूला करावी लागते. म्हणजे काढावीच लागते.
बेलापूरच्या त्या खोलीत एसी इतका होता
की मी कागदावर अंगठा पुढे केला,
सही येत असून.

पूर्वजा तेव्हा आठ महिन्यांची. रडली की ओठ जांभळे.
भोक बुजलं, ओठ लाल झाले,
आणि गादीचं विचारायचं राहूनच गेलं
ती दुसरीत जाऊन कांजिण्यांनी अंगभर फुटेपर्यंत.

थायमस म्हणतात. शाळाच समज, मॅडम म्हणाल्या.
हाडांच्या मगजातून कोवळ्या पेशी येतात तिथं,
प्रत्येकीच्या हातात वेगळी किल्ली
आणि कुलूप कुठलं ते एकीलाही ठाऊक नाही.
आधी विचारतात, घरच्यांना ओळखतेस का?
जी ओळखत नाही तिला कुणी रागावत नाही,
नुसतं कुणी तिच्याशी बोलत नाही.
एवढ्यानं ती मरते.
मग तिला दाखवतात डोळ्यातलं थोडं, यकृतातलं थोडं,
कातडीचा रंग.
जी कडकडून धरते, सोडतच नाही,
तिलाही मरावं लागतं.
ओळख हवी, मिठी नको.
शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडतात.

मी तुर्भ्याला कांदा निवडते, सतरा वर्षं झाली.
गोल्टी इकडे, जोड तिकडे, डेंगळा मागे, सडका पाटीत.
म्हटलं, मॅडम, शंभरातले सत्त्याण्णव टाकले
तर शेठ मलाच टाकेल.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

टाकलेल्यांचं काय होतं?
आमच्याकडे गाळ्यामागं गाई उभ्या असतात.
तिथंही आहेत, म्हणाल्या, खाणाऱ्या पेशी.
रोज एवढं मरण आणि वाससुद्धा येत नाही.

माझ्या नणंदेला कोड आहे, मी म्हटलं.
दोनदा मोडलं लग्न.
तेही तिथलंच का?
असू शकतं. एखादी चुकून पास होते
आणि बाहेर येऊन रंगालाच शत्रू समजते.
सासू मेली ती मागच्या जन्माचं पाप म्हणत.
नणंदेला अजून सांगितलं नाही मी
की ही निवडणाऱ्याची चूक आहे.
निवडणाऱ्याची चूक मला कळते.
गोणीत खालून पाणी सुटतं, तेव्हा कळते.

मग माझ्या पोरीची शाळाच पाडलीत तुम्ही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
पाडली, म्हणाल्या. काळजाकडे दुसरी वाट नव्हती.
पण पोटात असल्यापासून भरत होती ती शाळा.
जेवढ्या पास झाल्या तेवढ्या फिरताहेत अंगात,
एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार.
किल्ल्या नव्या फारशा येणार नाहीत. आहेत त्या पुरवायच्या.
बघ ना, कांजिण्यांची किल्ली निघालीच कुणाकडे तरी.
तिच्या हजारो झाल्या,
आजारी घरं शोधून शोधून पाडली,
आता बहुतेक जणी मरतील, थोड्या म्हाताऱ्या राहतील
आठवण धरून.
आणि तुझी-माझी शाळा?
चरबी झालीय तिची कधीचीच.

घणसोलीच्या रिक्षात पूर्वजा मांडीवर डोकं टाकून.
फ्रॉकच्या गळ्यातून उभा व्रण दिसतो,
शिवणीसारखा, वरच्या टोकाला जरा वाकडा.
खपल्या मोजत होती ती. एकोणीसपर्यंत आली
आणि विसाव्वीला नख लावलं.

मी हातावर चापट मारली.
राहू दे, म्हटलं. तिची ती पडेल.

उद्या पहाटे दोन गाड्या लासलगावच्या.
अंगठ्यानं दाबून बघायचं, मान मऊ लागली की पाटीत.
हात थांबत नाहीत माझे, कधीच थांबले नाहीत.
उद्या थांबतील थोडे.
शेठ ओरडेल.